मालक हजर आहे

माझा मुलगा नेमकं काय काम करतो, हे मला चौघींत कधी धड सांगता आलं नाही. हळदीकुंकवाला कुणी विचारलं तर मी म्हणायची, "पुण्याला एका संस्थेत असतो, दरडींचा अभ्यास करतो." मग पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे डोंगरावर जातो?" जातो म्हणावं, तर तो बहुतेक वेळ खुर्चीत बसलेला. नाही म्हणावं, तर दरडीचा अभ्यास खुर्चीत बसून कसा होतो, हे मला तरी कुठे माहीत होतं?

कळलं ते एका गणपतीत. निषाद महाडला घरी आला तो लॅपटॉप काखेत मारूनच. आरती झाली की जेवणाच्या टेबलाशी बसायचा. मी समोर बसून नारळ खवत होते. म्हटलं, "अरे, सुट्टीतही?"

"आई, घर बांधतोय. अर्ध्यात सोडता येत नाही."

"कुठे बांधतोयस?"

"कुठेच नाही. तीच तर गंमत आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. दरडीचा अभ्यास करायचा तर उपग्रहाचे फोटो लागतात, ते हैदराबादला. मातीच्या परीक्षा चेन्नईत होतात. पावसाचे आकडे पुण्यात. डोकं चालवणारी माणसं नागपूर, गुवाहाटी अशी विखुरलेली. प्रत्येकाकडे मोठमोठी यंत्रं आहेत, पण एकाचं यंत्र रिकामं बसलेलं असतं तेव्हा दुसऱ्याचं कामाने गुदमरत असतं. आता ती सगळी एकमेकांना जोडली आहेत. कुणाचंही काम कुणाच्याही यंत्रावर चालतं. त्या जोडलेल्या यंत्रांवर त्याला एक अशी जागा उभी करायची होती, की माणूस कुठल्याही गावात असो, आपल्या किल्लीने दार उघडलं की आत तेच फोटो, तोच पाऊस, तीच अवजारं. सगळ्यांनी एकाच कामाला हात लावायचा. आज हिशेब चेन्नईच्या यंत्रावर चालेल, उद्या नागपूरच्या. आतल्या माणसाला ते कळणारही नाही.

इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल रिसर्च एन्व्हायरन्मेंट म्हणतात म्हणाला. मी म्हटलं, "म्हणजे आभासी..."

"आभासी नको म्हणूस गं. भास थोडाच आहे तो! दालन म्हण."

"दालन म्हणते. पण हा तर वारंगुळा झाला."

तो थांबला. "काय झाला?"

माझं माहेर पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पुढे, हिरडेकोंड नावाच्या वाडीत. तिथे कुणाच्याच गोठ्यात पुरेसे बैल नसत. आमचा एक, शेजारच्यांचा एक, वरच्या घरचे दोन. आज सगळे मिळून आमच्या शेतात, उद्या त्यांच्या. माणसंही तशीच. बांधावर उभं राहिल्यावर कुठला बैल कुणाचा, हे कुणी विचारत नसे. त्याला वारंगुळा म्हणत. निषादला मी ते सांगितलं, तर लॅपटॉपवरून हात काढून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून पडदा दाखवला. दालनाच्या दारावर देवनागरीत लिहिलं होतं, वारंगुळा. पुढे म्हणायचा, "चेन्नईवाले त्याला वारंगल म्हणतात. मी सुधारत नाही, उगाच भांडण नको."

आमचे हे, शरदराव, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?"

"माझ्या, बाबा. प्रत्येक दालनाला एक मालक लागतोच. कुणाला आत घ्यायचं, कुठून आलेला आकडा खरा धरायचा, पुढल्या वर्षासाठी किती यंत्रं मागायची, सगळं मालकाने करायचं. त्याच्याशिवाय कुणाला नाही करता येत."

"चला, म्हणजे आयुष्यात एक तरी मालमत्ता केलीस."

लग्न नाही, घर नाही, अशा मुलाला बाप दुसरं काय म्हणणार? दोघेही हसले. मीही हसले.

पुढल्या पावसाळ्याआधी त्याने पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर पाऊस मोजायची नळकांडी बसवली. हिरडेकोंडचं नळकांडं माझ्या वहिनीच्या अंगणात लागलं. माझ्या थोरल्या भावाची बायको, बयाबाई. मी परकरात होते तेव्हा ती लग्न होऊन आली. आता तिचा मुलगा मुंबईला, नातू साहिलही तिथेच, आणि ती एकटी वाडीत. रोज सकाळी नळकांड्यातलं पाणी पट्टीवर बघायचं आणि आकडा फोनवरून पाठवायचा, एवढं काम. आकडा दालनात पोचला की तिच्या फोनवर बरोबरची खूण येई. वहिनी शाळेत गेली नव्हती, पण साहिल लहानपणी वाडीत होता तेव्हा त्याच्या उजळणीसोबत तिला आकडे आले होते. ती खूण आली की तिला फार बरं वाटे. "पास झाले," म्हणायची.

निषाद माघात गेला. संस्थेच्या जिन्यात. जिना चढताना बसला, तो उठलाच नाही. एक्केचाळीसचा होता. त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. लिहिता येत नाही.

त्याचं सामान पुण्याहून आलं तेव्हा ह्यांनी कपड्यांच्या बॅगा सरळ माळ्यावर टाकल्या. लॅपटॉप आणि फोन मी माझ्याकडे ठेवले. फोन रोज चार्ज करायची. त्याचा रिचार्ज संपत आला की कोपऱ्यावरच्या दुकानातून भरून आणायची. दुकानदार ओळखीचा, मी शाळेत शिकवायची तेव्हाचा माझा विद्यार्थी. तो नंबर बघायचा आणि भरून द्यायचा.

आता दुसरं एक सांगते, म्हणजे मी पुढे जे केलं ते वेड्यासारखं वाटणार नाही.

हिरडेकोंडात मी लहान होते तेव्हापासून निम्मी घरं बंद असत. माणसं मुंबईला. जाताना किल्ली आमच्याकडे देऊन जात. माझी आई संध्याकाळी एकेक घर उघडायची. दारं-खिडक्या थोडा वेळ मोकळ्या ठेवायची, केर काढायची, देवापाशी दिवा लावायची आणि परत कुलूप घालून यायची. वस्तूला हात लावायचा नाही. भांडं पालथं असेल तर पालथंच. मी तिच्या मागे कंदील धरून जायची. ती म्हणायची, "घराला माणूस दिसला पायजे, नायतर घर खचतं." आईनंतर किल्ल्या बयावहिनीकडे आल्या. अजून तिच्या दाराच्या चौकटीला टांगलेल्या आहेत.

निषादचा लॅपटॉप मी पहिल्यांदा उघडला तो त्याचे फोटो बघावेत म्हणून. वारंगुळ्याचं दार समोरच होतं. त्यावर दाबलं, तर त्याचा फोन वाजला. कुणीतरी त्याला सहा आकडे पाठवले होते आणि सांगितलं होतं, हे कुणालाही देऊ नका. त्याच्या नावाने काही आलं, हेच मला इतकं वाटलं, की मी तो फोन बराच वेळ हातात धरून बसले. मग आकडे घातले. दार उघडलं.

आत त्याचं सगळं जिथल्या तिथे होतं. हिरडेकोंडच्या डोंगराचा रंगीत नकाशा. अर्धवट थांबलेला कुठला तरी हिशेब. एका बाजूला माणसांची नावं, आणि सगळ्यांत वर त्याचं. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला.

तेव्हापासून मी रोज जाऊ लागले. तिन्हीसांजेला घरातला दिवा लावायचा आणि मग तो उघडायचा. कशाला हात लावायचा नाही. थोडं बसायचं, नावं वाचायची, बंद करायचं. ह्यांना वाटे मी कीर्तन ऐकते.

श्रावणात सेजल आली.

सेजल निषादची विद्यार्थिनी. मूळची आपल्या दासगावची, म्हणून तो तिच्यावर जरा जास्तच ओरडायचा, हे मी त्याच्याकडूनच ऐकलं होतं. दिवसकार्याला येऊन गेली होती. आता पुन्हा आली, ती चहा झाला, पोहे झाले तरी बोलेना. दासगावच्या आजीची चौकशी झाली, नदीच्या पाण्याची झाली. शेवटी हेच म्हणाले, "बाळ, काम काय काढलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही रोज संध्याकाळी येता ना?"

मला काय म्हणते ते लगेच कळलं. ह्यांना कळलं नाही. "कुठे येते?"

"आमच्या दालनात, काका. सरांच्या नावाने."

मी ताटली उचलायला उठले, तर तिने माझा हात धरला.

"रागावू नका. पहिल्या दिवशी सरांचं नाव हिरवं झालं तेव्हा मी एकटीच होते आत. ओरडले मी. मग गुवाहाटीहून एकाने लिहिलं, तुलाही दिसतंय का? दुसऱ्या दिवशी परत. मग आमच्या लक्षात आलं. नागपूरचा अश्वजित आहे ना, तो म्हणाला, आई असणार. कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं. आता त्या वेळेला सगळे आपापली कामं थांबवतात. कुणी काही टाइप करत नाही. तुम्ही गेलात की परत सुरू."

हे माझ्याकडे बघत होते. "रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"आणि मला कीर्तन म्हणून सांगितलंस."

"मी काही सांगितलं नव्हतं. तुम्हीच समजलात."

"मला का नाही नेलंस?"

त्यांनी कपड्यांच्या बॅगा माळ्यावर टाकल्या, त्या दिवशी मी मनात काहीतरी ठरवलं असणार. ते त्यांना न विचारता ठरवलं, एवढं खरं.

सेजलला अजून पुढचं सांगायचं होतं. ती खाली बघत भराभर बोलली. यंत्रांची वाटणी करणारी एक समिती असते. तिचा नियम असा, की मालक सहा महिने फिरकला नाही, तर दालन बेवारस धरायचं. मग आतल्या लोकांनी अर्ज करून दुसरा मालक नेमायचा. सर गेल्यावर संस्थेने समितीला तसं कळवलं. समितीचं उत्तर आलं, तुमची काहीतरी चूक होते आहे. आमच्या नोंदीप्रमाणे मालक कालच हजर होता.

हे कोरडंच हसले. "बरोबर आहे त्यांचं."

"मग आम्ही काय लिहिणार, काका? दुसऱ्याच्या किल्लीने कुणी आत येतंय असं लिहिलं, तर दालन लगेच सील होतं. म्हणून गप्प बसलो. आणि खरं सांगू? आम्हालाही ते नाव दिसायला हवं होतं. पण आता या महिन्याअखेर पुढल्या वर्षाची वाटणी आहे. मागणी मालकानेच करायची. ती झाली नाही, तर दालन रिकामं करतात. सगळं पुसतात. सरांचं सगळं काम."

"आणि नवा मालक नेमायचा तर?" ह्यांनी विचारलं.

"दाखला आणि तुमचं पत्र लागेल. किल्ली आमच्याकडे होती, ती परत करतो, एवढंच लिहायचं. समितीतल्या एक बाई म्हणाल्या, घरच्यांनी आपणहून दिलं तर चौकशी होणार नाही. मग सरांचं खातं बंद होईल. नाव यादीतून जाईल. केलेल्या कामावर राहील, पण आलेल्या-गेलेल्यांच्या यादीत नाही. आणि त्यांचा स्वतःचा जो कप्पा आहे, तो खात्याबरोबर जातो. तो दुसऱ्या कुणाला उघडता येत नाही."

मी म्हटलं, "मी रोज येते म्हणून काम थोडंच बिघडतं? मी कशाला हात लावत नाही."

"तसं नाही हो, काकू. ज्येष्ठात तुमच्या वहिनींचा फोन पाण्यात पडला. साहिलने मुंबईहून नवा पाठवला, नंबर नवा. नवा नंबर मालकाने आत घ्यावा लागतो. मालक रोज येतो, पण घेत नाही. ज्येष्ठापासून हिरडेकोंडचा पाऊस बाहेरच पडून आहे. त्या रोज पाठवताहेत. पोचत नाही."

त्या रात्री सेजलला आमच्याकडेच ठेवून घेतलं. सकाळी सेजलला म्हटलं, मला वाडीवर घेऊन चल.

पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून जीप. उमरठ मागे पडलं की रस्ता चढायला लागतो. शेतं हिरवीगार, पण लावणी झालेली शेतं पूर्वीच्या निम्मीसुद्धा नाहीत. बाकी गवत. मी लहान असताना या उतारावर नाचणीच्या पट्ट्या वरपर्यंत दिसत. सेजलला एकेक दाखवत गेले, ती बिचारी "हो का" म्हणत राहिली.

वहिनी अंगणातच होती. पाठीत वाकली आहे, पण आवाज तसाच.

"तुळसा! आज कशी वाट चुकलीस गो?" माहेरची मी तुळसा. अनुपमा सासरी झाले. आता तुळसा म्हणणारं ती एकच माणूस उरलं आहे. "आनि ही कोन? निशादची चेली व्हय? पुन्याला जेवान देत नाय काय गो तुला? हाडं मोजून घ्यावी."

"देतात, आजी," सेजल हसली.

"देतात तर खात नाय मंग. बस. भाकर टाकते."

भाकरी झाली, चहा झाला. मग तिने फोन आणून माझ्या हातात दिला. "हे बघ गो. रोज पाठवते. सकालचा पयला काम हेच. पन ती खून येत नाय. पोचतंय का नाय पानी?"

फोनवर तिने पाठवलेले आकडे एकाखाली एक होते. एकापुढेही बरोबरची खूण नव्हती.

सेजलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पोचेल, वहिनी."

"मना वाटला माजाच काय चुकतंय. साहिलला इचारला तर तो म्हनतो, आजी, सर्व्हर डाउन असेल. मी म्हटला, असंल बाबा." मग आवाज उतरवून म्हणाली, "निशाद व्हता तवा एक दिवस चुकला तरी फोन यायचा. मामी, आज पाऊस नाय काय? आता कुनी इचारत नाय."

घरामागे ती आम्हाला घेऊन गेली. वरच्या बांधाला भेग पडली होती. हात जाईल एवढी रुंद, आणि गवतातून पार दुसऱ्या घराच्या मागेपर्यंत. ती भेग ती एक पाय टाकून सहज ओलांडून गेली, जसा पाण्याचा पाट ओलांडावा. सेजल मात्र खाली बसली. फोटो काढले. टोकापर्यंत चालत गेली आणि आली तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलेलं.

"आजी, ही कधीपासून?"

"आखाडातली असंल. जास्ती पाऊस झाला त्या आठवड्यातली. पंचायतीत सांगितला. येतो म्हनाले."

परत येताना सेजल मला हळूच म्हणाली, "काकू, आजींचे आकडे पोचून हिशेब चालू असता, तर त्या आठवड्यातच कळलं असतं. नकाशात हा उतार लाल झाला असता. आम्ही तहसीलला कळवलं असतं." एवढंच म्हणाली. माझ्यावर बोट ठेवलं नाही तिने. पण मी शाळेत शिकवलं आहे, दोन आणि दोन मलाही येतात.

निघताना वहिनी चौकटीवरच्या किल्ल्यांपाशी उभी होती, संध्याकाळच्या फेरीला निघायच्या तयारीत. मी तिला सांगितलं, की निषादचीही एक खोली आहे, मी रोज उघडते, थोडी बसते. ती खोली कसली, हे तिला सांगत बसले नाही.

ती म्हणाली, "बरा करतेस. उघडत जा. बंद केलास का वाळवी लागंल. आयच्या हातानं दिवा लागतोय, यापेक्षा काय पायजे त्याला?"

मी "हो" म्हटलं. तिच्या आकड्यांपुढे खूण का येत नाही, ते तिला माझ्या तोंडून कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. पत्र गेलं. सेजल आता वारंगुळ्याची मालक आहे. हिरडेकोंडचा नवा नंबर आत घेतला गेला आणि ज्येष्ठापासूनचे सगळे आकडे एकदम पोचले. उतार नकाशात लाल झाला. तहसीलची माणसं भेग बघून गेली, आणि भाद्रपदात जोराचा पाऊस लागला तेव्हा वाडीतल्या आठ-दहा म्हाताऱ्यांना खाली शाळेत आणलं. दरड आली नाही. वहिनी माझ्यावरच चिडली, उगाच खाली आणलंत, कोंबड्या उपाशी राहिल्या म्हणून. मी ऐकून घेतलं.

पण सांगायची आहे ती पत्र दिलं त्या दिवसाची संध्याकाळ.

पत्र मी दुपारीच लिहून ठेवलं होतं. चार ओळींचं. ह्यांची सही व्हायची होती. ह्यांनी चष्मा लावला, वाचलं, पेन उघडलं आणि परत मिटलं. म्हणाले, "आधी मला दाखव."

सेजल म्हणाली, मी गॅलरीत बसते. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसलो. मी लॅपटॉप उघडला. त्याचा फोन वाजला. ह्यांनी तो उचलला आणि सहा आकडे वर्गात सांगावेत तसे मोठ्याने, एकेक सुटा करून वाचले. मी घातले.

नाव हिरवं झालं. ह्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मी त्यांना नकाशा दाखवला. हे हिरडेकोंड, ही वहिनीची आळी, हा ओढा. अर्धवट हिशेब दाखवला. तो त्यांनी बराच वेळ बघितला. त्यातली काही चिन्हं त्यांना ओळखीची होती. "हे मी त्याला शिकवलं होतं," म्हणाले. "हे कसलं आहे ते नाही कळत."

मग म्हणाले, "त्याचा स्वतःचा कप्पा कुठाय?"

तो मी कधी उघडला नव्हता. भांडं पालथं तर पालथं. मी म्हटलं, "राहू दे ना."

"उद्या जाणारच आहे तो. बघू तरी."

मी दाबलं. मला काय वाटत होतं कुणास ठाऊक. एखादा फोटो, काहीतरी लिहिलेलं. गाणंसुद्धा चाललं असतं. पांढरा पडदा आला. मध्ये बारीक अक्षरांत, इथे काही नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं.

"दुसरीकडे असेल," हे म्हणाले.

मी परत मागे गेले, परत उघडला. तेच. सेजलला आत बोलावलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "सर आपल्या कप्प्यात काही ठेवतच नव्हते, काकू. आम्ही ठेवलं तर ओरडायचे. सगळं बाहेर सगळ्यांत टाका म्हणायचे." आणि ती परत गॅलरीत गेली.

"काहीच नाही?" ह्यांनी विचारलं. पडद्याला विचारलं की मला, माहीत नाही.

"नाही."

मुलाच्या स्वभावाचं कौतुक करायची ती वेळ असेल. मला तेव्हा नुसता राग आला. एक चिठोरं तरी ठेवायचं होतंस रे. आमच्यासाठी नाही, स्वतःसाठी. आम्हाला सापडलं असतं.

बाजूला नावं होती. सेजलने कुणाला काही सांगितलं नव्हतं म्हणते. पण त्या दिवशी सगळे आत होते. गुवाहाटी, चेन्नई, नागपूर. सगळे ठिपके हिरवे आणि कुणाचीच हालचाल नाही. खाली लिहायची जागा असते. इतक्या महिन्यांत मी तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं.

हे म्हणाले, "आपणच सांगायला हवं त्यांना."

मी लिहिलं. मला मराठी टाइप करायला वेळ लागतो, हे शेजारून काना-मात्रा दाखवत होते. "निषाद आता येणार नाही. त्याची आई आणि बाबा."

पाठवलं. त्याच्या नावाने ते गेलं. मग अश्वजितने तेच वाक्य खाली इंग्रजीत लिहिलं, बाकीच्यांना कळावं म्हणून. मग त्याने मराठीत लिहिलं, "हो, काकू." पुढे एकेक आले. कुणी नमस्कार लिहिला, कुणी नुसतं नाव. गुवाहाटीच्या मुलीने आपल्या लिपीत काही लिहिलं, ते आम्हाला वाचता आलं नाही. अक्षरं आपल्यापेक्षा जरा गोलसर होती.

ह्यांनी पत्र पुढे ओढून सही केली. मी खाली केली. आता बाहेर पडायचं होतं. वर कोपऱ्यात बटण असतं, त्यावर दाबलं की झालं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "तू दाब. तुला सवय आहे."

"तुम्ही दाबा."

"माझा हात थरथरतो."

त्यांचा हात काही थरथरत नव्हता. माझाही नव्हता. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. बाहेर रस्त्यावरून एसटी गेली, शेजारच्या घरात कुकर झाला. पडद्यावर कुणी काही लिहीत नव्हतं.

त्या दालनाचं असं आहे, की बराच वेळ कुणी काही केलं नाही तर ते आपलं आपण बंद होतं. मला ते माहीत नव्हतं, कारण मी कधी एवढा वेळ बसलेच नव्हते. अचानक पडदा फिकट झाला. इंग्रजीत आलं, आपण काही करत नसल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात येत आहे. आणि दार बंद झालं.

हे उठले. चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "ती पोरगी केव्हाची उपाशी बसली आहे. पानं घे."